करामातला कौल

रविवार, १२ ऑक्टोबर

ही डायरी टायपिंग सेंटरवाल्याने अरुणला फुकट दिलेली. वर उंटाचं चित्र, आत तारखा इंग्रजीत आणि अरबीत, मला एकही वाचता येत नाही. जानेवारीपासूनची पानं कोरीच आहेत. सान्वी म्हणाली, "आजी, दिवसभर गॅलरीत बसून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघतेस, त्यापेक्षा लिही. तारीख मी सांगेन." मी म्हटलं, बाई, मी चौथी नापास. तर म्हणते, "मग पाचवीचं लिहू नकोस." आगाऊ आहे, पण गोड आहे.

तर मी ठकुबाई, अरुणची आई. नातीच्या, ह्या सान्वीच्याच, लग्नाला दुबईत आले. दुबई म्हणजे मला वाटलेलं नुसती वाळू. अरुण राहतो त्या वस्तीचं नाव करामा. इथे करामात खाली उडप्याचं हॉटेल, बाजूला भाजीवाला, त्याच्याकडे अळूसुद्धा मिळतं. फक्त भाव विचारायचा नाही. मी जुडीचे दिरहम मनात रुपये करते आणि मग ते अळू माझ्या घशाखाली उतरत नाही.

लग्न सात डिसेंबरला. मुलगा मिथुन, शारजात असतो, बोलतो कमी. हॉल उम्म अल कुवैनला, अगदी समुद्राला लागून. हे नाव पोरीने माझ्याकडून घोकून घेतलं. तिला समुद्रासमोरच माळ घालायचीय. त्यासाठी शाळेतल्या नोकरीचा पगार तिने साठवून ठेवला, कधी चांगली पर्स घेतली नाही. उरलेले अरुणने घातले. आणि ते सगळं सोपवलंय कोणाकडे, तर आमच्या रोनितकडे. तिचा धाकटा भाऊ. "पप्पा, डोंट वरी, हॉल, डेकोरेशन, सगळं मी ऑनलाइन करतो," म्हणाला. कर्तबगार झालाय पोरगा. अरुण त्याच्या वयाचा असताना त्याला एसटीचं रिझर्वेशन करता येत नव्हतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज रोनित माझ्याजवळ येऊन बसला. बाकीचं सगळं मागाहून लिहिते.

आल्यापासून तो "हाय आजी, बाय आजी" करायचा, पोस्टमनशी करावं तसं. बाकी वेळ त्याचा खेळ. टीव्हीला एक डबा लावलाय, हातात दोन शिंगांचं रिमोट, कानावर टोप. पडद्यावर हिरवं मैदान आणि बारकी माणसं चेंडूमागे पळतात, ती म्हणे रोनितच्या बोटांवर पळतात. त्यांचा घाम दिसतो, थुंकतात ते पण दिसतं! मी विचारलं, खरी माणसं का रे? "नो आजी, गेम आहे." नवल आहे.

तर मी देवापुढे बसले होते. शालू हिरवा की जांभळा यावरून कुंदा आणि सान्वी, मायलेकी, भांडून भांडून थकल्या. म्हटलं देवीलाच विचारू. गावदेवीचा टाक मी लुगड्यात गुंडाळून आणलाय. टाकाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प बसायचं. उजवी आधी पडली तर देवीचा एक कौल, डावी पडली तर दुसरा. आम्ही गुरव, आमच्या घराण्याचंच हे काम. पण देवळात बाईला कौल लावू देत नाहीत. सासऱ्यांनी लावला, ह्यांनी लावला, दिराने लावला, दिराच्या त्या मठ्ठ पोराने पण लावला. मी जन्मभर उंबऱ्याबाहेर बसून त्यांना पाकळ्या निवडून दिल्या. इथे कोण अडवतंय? कुंदा तेवढी म्हणते, "आई, पाणी सांडू नका, लाकडी फ्लोरिंग आहे."

रोनित पाणी प्यायला आला आणि थांबला. "व्हॉट इज दिस?" सांगितलं. "एनी क्वेश्चन विचारायचा?" म्हटलं, मनापासून असला तर कोणताही. "ओके. लाल की निळे? कोण जिंकणार?" 

खेळातलं देवीला काय विचारायचं, मी म्हणणार होते. पण पोरगं मांडी घालून बसलं हो! पँट इतकी घट्ट की मांडी होईना, तरी बसलं. मग मी गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे आये, ह्या पोराच्या खेळाक यश दी," आणि त्याला शिकवलं, मी थांबले की "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्याच्या इंग्रजी तोंडातून ते असं निघालं की मला हसू आवरेना. उजवी पडली. लाल. आणि थोड्या वेळाने आतून ओरडत आला, "आजी! लाल जिंकले!" आणि माझा पापा घेतला.

शालू राहिलाच विचारायचा.

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. लाडू मी केले, चकल्या विकतच्या, त्यात मोहन कमी. असो.

रोनित आता रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी माझ्याकडे येतो. फुलवाल्याकडून शेवंती तोच आणतो. पिवळे की पांढरे, पट्टेवाले की साधे, असं विचारतो. त्यांची नावं इंग्रजी आहेत, मी आपली सदऱ्यावरून ओळखते.

एक गोष्ट इथे लिहिते, डायरी कोणी वाचत नाही म्हणून. रोनित ज्याचं नाव आधी घेतो, तेच जिंकावेत असं त्याच्या मनात असतं. मला चेहरा कळतो. परवा डावी पाकळी पडली तर एवढंसं तोंड झालं. मग मी काय करते, आधी घेतलेलं नाव उजव्या पाकळीचं, ती लावताना पदराला जरा टिपते. कोरडी पाकळी आधी सुटते. यात काही पाप नाही. कार्टूनचा खेळ, त्यात देवीला कशाला शिणवायचं? पोराचं तोंड फुलतं, त्यात देवीलाही आनंद. सासरे असते तर हात तोडला असता माझा. पण सासऱ्यांना नातवंडं अशी गळ्यात पडत नव्हती.

शनिवार, १ नोव्हेंबर

नवा टीव्ही आला! भिंतभर. रोनितने घेतला. कुंदाने विचारलं, "पैसे कुठून?" "बोनस, मम्मी." मला एक गुडघ्याला गरम करणारा पट्टा आणला. त्यात वायर आहे, मी लावत नाही, पण शेजारच्या सुमैय्याला दाखवला. ती केरळची, आमचं बोलणं हातवाऱ्यांत चालतं. तिने कपाळावर हात मारला, म्हणजे चांगला आहे.

रोनित खेळात इतका पटाईत झालाय की त्याला आता शिंगांचं रिमोट धरावं पण लागत नाही. नुसता फोन हातात घेऊन बसतो आणि माणसं आपली आपण पळतात. मधेच पळणारे थांबतात आणि प्रेक्षक दाखवतात, म्हातारी माणसं, लहान मुलं, टोप्या घातलेली. कोण एवढं बसून काढतं काय माहीत.

कुंदा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, तुम्ही त्याला हे कौलबिऊल शिकवू नका. आधीच ऑफिसात लक्ष नाही त्याचं." मी म्हटलं, "अगं, चार दिवस माझ्यापाशी बसतो, तर तुझं काय जातं?" तर म्हणाली, "माझ्यापाशी तो बारा वर्षांचा असल्यापासून बसला नाही." आणि कांदा चिरायला लागली. सुनांना सासूचं काही बघवत नाही. मी पण सासूचं बघितलं नव्हतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पांढरे हरले. उजवी पडली होती, मीच पाडली होती. रोनितने फोन सोफ्यावर आपटला आणि काचेच्या टेबलाला लाथ मारली. मी म्हटलं, "अरे, खेळच ना? उद्या परत लाव." माझ्याकडे असा बघितला की मला त्याचे आजोबा आठवले. मग एकदम शांत झाला. "हां आजी. उद्या परत."

म्हणून मी पोरांना सांगते, खेळ मनाला लावून घेऊ नये.

रविवार, १६ नोव्हेंबर

या आठवड्यात लिहायला जमलं नाही. पत्रिका आल्या. सान्वीने हॉलचं चित्र छापून घेतलंय, निळा समुद्र, पांढरे खांब. मला म्हणाली, "आजी, तू पहिल्या रांगेत बसायचं. वारा येईल, शाल आण." मिथुनच्या काकांना, उल्हासरावांना, पहिली पत्रिका दिली. ते शारजातच, रोल्लाला राहतात. म्हणाले, "समुद्रावर लग्न! आमच्या वेळी एका खोलीत सहाजण राहायचो, त्यातच लग्न केलं."

जेवताना कुंदा म्हणाली, "रोनित, हॉलची पावती दाखव ना." "मेलमध्ये आहे, मम्मी." "मग मेल दाखव." "व्हाय आर यू सो स्ट्रेस्ड? इट्स डन." अरुण म्हणाला, "कुंदा, करतोय ना तो. खलास." अरुणला जेवताना वाद नको असतो. लहानपणापासून तसाच. वाढलेलं गप खातो.

रोनित बारीक झालाय. मी त्याला तूपभात कालवून दिला तर घास तोंडात धरून बसला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज कौलाला रोनितने दार लावून घेतलं. म्हणाला, "आजी, आज बिग वन. प्रॉपर कर." अंघोळ करून आला होता, डोकं ओलं. "निळे की काळे?" निळे आधी म्हणाला. मी गाऱ्हाणं घातलं, पुरतं, सासरे घालायचे तसं, बारा गावच्या बारा वेशींचं नाव घेऊन. प्रत्येक वेळी "व्हय म्हाराजा" म्हणताना त्याचा आवाज बसत गेला. शेवटी हात जोडून रडायलाच लागला. एवढी भक्ती मी देवळात पण बघितली नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, बाई, आपल्या घरात गुरव जन्मला, दुबईत का होईना.

उजवी पाकळी टिपलीच होती. पडली.

निळे हरले. तो ओरडला नाही, लाथ मारली नाही. भिंतीला टेकून बसून राहिला. मी म्हटलं, बाळा, जेवायला चल. "यल्ला आजी, चल, तू जा," म्हणाला. 

रविवार, २३ नोव्हेंबर

आज उम्म अल कुवैनला गेलो, जेवणाचे नमुने चाखायला. अरुण, कुंदा, सान्वी आणि मी. रोनितचं पोट दुखत होतं.

काय तो रस्ता, काय ते पाणी! उथळ, हिरवं, मध्ये खारफुटी, आमच्या खाडीत असते तशीच. मी अरुणला म्हटलं, गाडी थांबव, तर म्हणाला, "परत येताना." हॉल चित्रात होता त्याहून मोठा. आत थंडगार. काउंटरला अहमद नावाचा मुलगा होता, त्याने मला खजूर दिले आणि कडू कॉफी बारक्या कपात. मी म्हटलं शुक्रिया, तर हसला आणि अजून खजूर दिले. मी दोन पदराला बांधले, रोनितसाठी.

अरुण, कुंदा आणि तो मुलगा कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ बघत होते. सान्वी बाहेर पायऱ्यांवर उभी राहून आपण कुठे उभे राहू, मिथुन कुठे उभा राहील, ते मला दाखवत होती. मग अरुण बाहेर आला. नमुने चाखलेच नाहीत. त्या दिवशी म्हणे दुसऱ्या कोणाचं लग्न आहे तिथे. आपलं नाव कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

मी म्हटलं, त्या काउंटरवरच्या पोराची चूक असेल, या मशीनचं काही खरं नसतं. परत येताना गाडी थांबवली नाही. सान्वी खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या मांडीवर पत्रिकांची पिशवी होती, वाटायची राहिलेली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मला आज कळलं, ते लिहिते.

टीव्हीवरची माणसं खरी होती. सगळी नाही. शिंगांच्या रिमोटवाली खोटी, फोनवाली खरी. दूर कुठल्या देशात खरोखर पळत होती, आणि रोनित त्यांच्यावर पैसे लावत होता. इथे ते करायला परवानगी पण नाही. लपून करायचं. आधी स्वतःचा पगार, मग हॉलचे, मग मंडपवाल्याचे. सान्वीचे सगळे गेले.

अरुणने हात उचलला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं विचारत राहिला, "का? का रे?" आणि रोनित म्हणाला, "आजीचा कौल होता."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सान्वी म्हणाली, "आजी, तुला माहीत होतं?" मी म्हटलं, मला खेळ वाटला गं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. आत गेली आणि दार लावलं. कुंदाने टाक उचलून फ्रिजवर ठेवला, माझा हात पोचणार नाही तिथे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

घरात भांड्यांचे आवाज तेवढे येतात. सान्वी माझ्या बाजूने जाते, थांबत नाही. तारीख पण आज मी कॅलेंडरवरून उतरवली.

मिथुनची माणसं चांगली. उल्हासराव म्हणाले, आमच्या घरी लावू लग्न, तारीख मोडायची नाही. रोल्लाच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये. अरुण रोनितला म्हणाला, तू येऊ नकोस. तर सान्वीच मध्ये पडली. "तो येणार. लाह्या मला माझ्या भावानेच द्यायच्या. फुकट गेलं तेवढं पुरे झालं." 

दुपारी रोनित एकटा होता. मी त्याच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. म्हटलं, "बाळा, देवीला बोल लावू नकोस. मी पाकळी टिपत होते. तुला आवडेल ते पाडत होते." मला वाटलं चिडेल. तो हसला. "आय नो, आजी. आय कुड सी. तू साडीला पुसायचीस."

"मग रे?"

"मग काय," म्हणाला. आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मला केवढं हलकं वाटलं! पोराला माहीत होतं, आणि तरी रोज माझ्यापाशी येऊन बसत होता. म्हणजे कौलासाठी नव्हताच येत. माझ्यासाठीच येत होता.

रविवार, ७ डिसेंबर

लग्न लागलं.

उल्हासरावांनी सोफे उचलून बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये ठेवले होते. अक्षता पंख्याला लागून उडत होत्या. समोरच्या फ्लॅटमधून मटणाचा वास येत होता, भटजी नाक मुरडत होते. सान्वीने जांभळा शालू नेसला होता. खिडकीतून समोरची बिल्डिंग आणि तिच्यावरचे एसीचे डबे दिसत होते. ती एकदा तिकडे बघताना मला दिसली. मग तिने मान खाली घातली.

लाह्यांच्या वेळी भटजींनी हाक मारली, "मुलीचा भाऊ!" रोनित आला. नवा झब्बा, अरुणचा, खांद्यात ढगळ. त्याने तिच्या ओंजळीत लाह्या घातल्या. तिने त्याच्याकडे बघितलं, तो लाह्यांकडे बघत होता. मग कानपिळी. मिथुनने हसून कान पुढे केला, रोनितने पिळला, सगळे ओरडले, "अजून जोरात! असा सोडू नको त्याला!" उल्हासराव म्हणाले, "आत्ताच पिळून घे रे, उद्यापासून ती पिळणार आहे!" ते सगळं कळल्यापासून पहिल्यांदा सगळे हसले, कुंदा पण. मिथुनने त्याच्या हातात पाकीट दिलं, चांगलं जाड होतं. कानपिळीला एवढं कोण देतं, पण मिथुन मनाने मोठा आहे. मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "नवीन सुरुवात कर."

मी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर होते, गुडघ्यामुळे. रोनित माझ्याकडे आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलला नव्हता. "आजी."

"काय बाळा?"

"लाल की हिरवे?"

मी म्हटलं, "रोनित, देवी फ्रिजवर आहे."

"देवी नको. तू सांग. जस्ट तू." त्याने माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात गार होते आणि पाकीट आमच्या हातांच्या मध्ये होतं. "प्लीज, आजी. फटाफट. मॅच सुरू होतेय."

आत सप्तपदी चालू होती. भटजी पाचवं पाऊल म्हणत होते. मला नाही म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. पण त्याने माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, लहानपणी गावी यायचा तेव्हा ठेवायचा तसं.

मी म्हटलं, लाल.

त्याने माझ्या कपाळाचा पापा घेतला आणि लिफ्टकडे गेला.

फोटोच्या वेळी त्याला सगळे शोधायला लागले. सान्वीने मला विचारलं, "आजी, रोनित कुठे गेला?" मी म्हटलं, "खाली गेलाय, पाणी आणायला. येईल." थांबलो. फोटोवाल्याला शारजातच दुसरं लग्न होतं, तो घड्याळ बघायला लागला. मग सान्वी म्हणाली, "आजी, तू ये," आणि मला ओढून आपल्या बाजूला उभं केलं, भावाच्या जागेवर. कमरेभोवती हात टाकला. 

इतक्या जवळ तिने मला त्या दिवसापासून घेतलं नव्हतं. फोटोवाला म्हणाला, आजी किती छान हसतात.